आजाऱ्याने उपास करू नये, हीही आज्ञाच

२०२५ साली दसरा आणि ज्यू धर्मीयांचा योम किप्पूर हे दोन्ही दिवस २ ऑक्टोबर या एकाच तारखेला आले. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्यू पंचांगही आपल्या पंचांगाप्रमाणे चंद्राच्या कलांवर चालते आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यातही अधिक महिना धरला जातो. त्यामुळे त्यांच्या तिश्री महिन्याची दशमी म्हणजे योम किप्पूर हा भाद्रपद किंवा आश्विन शुद्ध दशमीच्या आसपासच पडतो. त्या गुरुवारी आपल्या घरी श्रीखंड-पुरीची ताटे वाढली जात असताना ठाणे, मुंबई, पुणे, अलिबाग येथील बेने इस्रायल घरांत आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून पाण्याचा थेंबही कोणी घेतला नव्हता.

हे कुटुंबीय आपलेच शेजारी. कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाच्या घाण्यावर पोट भरणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. आडनावे गावांवरून पडली आणि घरची भाषा मराठी झाली. सणांनाही मराठी नावे मिळाली. योम किप्पूरला त्यांच्या जुन्या बोलीत ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, बाहेरच्या जगाचा संपर्क टाळून दिवस प्रार्थनेत घालवायचा असे. आज या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलमध्ये आहेत. भारतात थोडे उरले आहेत आणि जे उरले त्यांत ज्येष्ठांची संख्या मोठी आहे.

वाचकहो, या लेखाचा विषय हाच आहे. सुमारे पंचवीस तासांचा निर्जळी उपास, खाण्यापिण्याचे काटेकोर नियम, आणि घरात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे दुखणे असलेला एखादा वृद्ध. तो म्हणतो, ‘सत्तर वर्षे मोडला नाही, आता मोडणार नाही.’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी एकादशीच्या, नवरात्राच्या किंवा रमजानच्या निमित्ताने आपापल्या घरी ऐकले असेल. ज्यू धर्मशास्त्राने, म्हणजे हलाखाने, या वाक्याला जे उत्तर दिले आहे ते सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहिले गेले. कोणत्याही धर्माच्या वृद्धाची सेवा करणाऱ्याने ते समजून घ्यावे, इतके ते नेमके आहे.

आजाऱ्याचा शब्द

‘मिश्ना’ हा ज्यू मौखिक नियमांचा संग्रह इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यातील योम किप्पूरविषयीच्या प्रकरणात आजाऱ्याचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. जाणकार सांगत असतील तर त्यांच्या सांगण्यावरून आजाऱ्याला खाऊ घालावे. जाणकार जवळ नसतील तर आजाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, तो पुरे म्हणेपर्यंत खाऊ घालावे, असा तिचा आशय आहे. पुढे ताल्मूदमधील चर्चेत आणि सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरुख’ या संहितेत हा नियम अधिक स्पष्ट झाला. वैद्य म्हणतो की खाणे आवश्यक आहे आणि आजारी म्हणतो की गरज नाही, तर वैद्याचे ऐकावे. आजारी म्हणतो की मला खाल्ल्यावाचून राहवत नाही आणि वैद्य म्हणतो की गरज नाही, तर आजाऱ्याचे ऐकावे. दोन्ही बाजूंनी झुकते माप जिवालाच दिले आहे. शंका असली तरी जीव वाचवण्याकडेच वळावे, उपासाकडे नव्हे.

यामागील तत्त्वाला ‘पिकुआख नेफेश’ म्हणतात: जिवाचे रक्षण. मूर्तिपूजा, व्यभिचार आणि मनुष्यहत्या हे तीन निषेध सोडले तर धर्मातील बहुतेक सर्व बंधने या तत्त्वापुढे मागे सरतात. देवाच्या आज्ञा माणसाने त्यांच्या आधारे जगावे म्हणून दिल्या आहेत, त्यांपायी मरावे म्हणून नव्हे, असा अर्थ ताल्मूदकारांनी तोरातील एका वचनाचा लावला आहे. त्यामुळे ज्याच्या जिवाला उपासाने धोका आहे त्याने खाणे ही नुसती सवलत उरत नाही. ते कर्तव्य ठरते. अशा माणसाने हट्टाने उपास केला तर त्याने पुण्य मिळवले असे हे शास्त्र मानत नाही. तो त्या दिवशी भाकरीचा घास घेतो, तेव्हा जेवणानंतरची प्रार्थनाही म्हणतो आणि त्यात सणाचा खास उल्लेखही करतो. चोरून खाल्ल्याची भावना त्यात नसावी, अशीच ही योजना आहे.

लिथुआनियातील विल्ना शहरात १८४८ साली कॉलऱ्याची साथ पसरली. त्या वेळी योम किप्पूरच्या दिवशी लोकांनी उपास करू नये म्हणून रब्बी इस्राएल सलांतर यांनी सिनेगॉगमध्ये सर्वांसमक्ष स्वतः खाल्ले, अशी कथा सांगितली जाते. कथेच्या तपशिलांत पाठभेद आहेत, पण ती दीडशेहून अधिक वर्षे आदराने सांगितली जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मिश्नाच्या त्याच प्रकरणात ‘बुलमुस’ नावाच्या अवस्थेचे वर्णन आहे. भुकेने अचानक ग्लानी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाला हाताशी जे असेल ते, निषिद्ध अन्न असले तरी, त्याचे डोळे पुन्हा उजळेपर्यंत भरवावे. ताल्मूदने पुढे मध व गोड पदार्थांचा उल्लेख केला आहे. रक्तातील साखर घसरल्यावर आज आपण नेमके हेच करतो. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली किंवा साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर साखरपाणी, ग्लुकोज किंवा मध लगेच द्यावा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी रब्बींना दूरध्वनी करून परवानगी विचारत बसणे हेच शास्त्राला मान्य नाही.

मोजून घेतलेला घास

सर्वच आजारी इतके गंभीर नसतात. ज्याला पूर्ण उपास झेपणार नाही, पण थोड्या अन्नपाण्यावर दिवस सुरक्षितपणे निघू शकतो, अशांसाठी हलाखाने ‘शिउरीम’ म्हणजे मापांची पद्धत दिली आहे. योम किप्पूरला मोठ्या खजुराएवढे अन्न ठरावीक वेळेत खाल्ले तर तो पूर्ण अर्थाने उपासभंग ठरतो. पेयासाठी माप आहे एका गालात मावेल इतक्या पाण्याचे. त्याहून कमी मात्रेत, मध्ये अंतर ठेवून घेतले तर निषेध सौम्य होतो. प्रचलित हिशेब असा: एका वेळी ३० मिलिलीटरहून थोडे कमी अन्न आणि दोन घासांमध्ये सुमारे नऊ मिनिटांचे अंतर. गालाचे माप प्रत्येकाचे वेगळे असते. म्हणून आदल्या दिवशी एक गाल भरून पाणी घ्यावे, ते पेल्यात सोडून मोजावे आणि त्याहून कमी मापावर खूण करून ठेवावी. बहुतेक प्रौढांचे हे माप ४० मिलिलीटरच्या आसपास भरते. अन्न आणि पेय यांचा हिशेब स्वतंत्र धरला जातो.

हे वाचून कोणाला खेळ वाटेल, पण आकडे मांडून पाहा. नऊ-नऊ मिनिटांच्या अंतराने तासात सहा वेळा ३० मिलिलीटर, म्हणजे सुमारे १८० मिलिलीटर, जवळजवळ एक पेला. दिवसभरात जागेपणी हे सावकाश चालू राहिले तर निर्जलीभवन बऱ्याच अंशी टळते. लघवीवाटे पाणी काढणारी औषधे घेणारे, मूत्रपिंड दुर्बल असलेले, वारंवार चक्कर येणारे यांना या पद्धतीने मोठा आधार मिळतो. म्हातारपणी तहानेची जाणीव बोथट होते, हे तर आपण जाणताच. घड्याळाकडे पाहून दिलेला घोट तहान लागण्याची वाट पाहत नाही.

परंतु ही पद्धत कोणाला पुरेशी आणि कोणाला नाही, हे वैद्यानेच ठरवावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची मात्रा उपासाच्या दिवशी बदलावी लागते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी अलीकडची औषधे घेणाऱ्यांनी उपासापूर्वी कधीपासून ती थांबवायची, हे आवर्जून विचारावे. पाण्याशिवाय गोळी गिळणे वृद्धांसाठी धोक्याचे असते; ती अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते. हाडांच्या ठिसूळपणावर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी तर पेलाभर पाण्यासह, सरळ बसूनच घ्यायची असते. तिचा वार दुसऱ्या दिवसावर नेणे सहज शक्य असते. हा सल्ला किमान पंधरवडा आधी घ्यावा. सणाच्या संध्याकाळी दवाखान्यात जाऊन काही साधत नाही.

वर्षातील इतर उपासांबाबत शास्त्र अधिकच मवाळ आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतीचा तिशा बेआव हाही पूर्ण दिवसाचा निर्जळी उपास आहे. बेने इस्रायल घरांत त्याला ‘बिरड्याचा’ म्हणत, कारण त्या निमित्ताने वालाचे बिरडे होई. जिवाला धोका नसलेल्या पण खरोखर आजारी असलेल्या माणसालाही या उपासातून सूट आहे. तेथे मापे मोजण्याचीही गरज नाही. पहाट ते रात्र अशा लहान उपासांबाबतही तसेच.

स्वयंपाकघरातील दोन बाजू

उपास वर्षातून मोजके. कोशेर मात्र रोजचे. नियमांचा गाभा थोडक्यात असा: दुभंगलेल्या खुराचे आणि रवंथ करणारे प्राणी चालतात, म्हणून शेळी-मेंढी चालते, डुक्कर नाही. माशांपैकी पर आणि खवले दोन्ही असलेले चालतात. रावस, रोहू चालतात, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवे नाहीत. बेने इस्रायलांची ओळख या नियमावरूनच पटली, अशी आख्यायिका आहे. दाविद रहाबी नावाच्या परदेशी ज्यूने त्यांच्या स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले आणि त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले.

रक्त वर्ज्य असल्याने मांस अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर जाड्या मिठात ठेवून, तीनदा धुतले जाते. येथे वैद्यकाचा प्रश्न उपस्थित होतो. धुऊनही त्या मांसात नेहमीपेक्षा अधिक मीठ उरते, आणि रक्तदाब किंवा हृदय दुर्बल असलेल्या वृद्धाच्या आहारात ते मोजले गेले पाहिजे. रस्सा करताना वरून मीठ घालणे टाळावे. थेट आगीवर भाजलेल्या मांसाला इतक्या मिठाची गरज नसते, कारण विस्तवच रक्त बाहेर काढतो असे शास्त्र मानते. मीठ काटेकोरपणे वर्ज्य असलेल्यांनी हा मार्ग रब्बींना विचारून घ्यावा.

मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही, एकत्र खायचे नाही. त्यासाठी भांडी आणि चमचे वेगळे. म्हणूनच बेने इस्रायलांच्या मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध असते. कोकणात राहून नियम पाळण्याची याहून चवदार युक्ती मला तरी ठाऊक नाही. मांसाहारानंतर दुधाचा पदार्थ घेण्यापूर्वी अनेक घरांत सहा तास थांबतात. आजारी माणसासाठी हे अंतर एक तासापर्यंत कमी करण्याची मुभा अनेक शास्त्रकारांनी दिली आहे. दुधात कालवून घ्यायच्या प्रथिनांच्या भुकटीचे वेळापत्रक बसवताना ही मुभा लक्षात ठेवावी.

आपण अशा घरी सेवेला जात असाल, किंवा आपल्या ज्यू शेजाऱ्यासाठी कोणी मदतनीस बाई ठेवली असेल, तर पहिल्याच दिवशी दोन फडताळे आणि दोन घासण्या कोणत्या ते विचारून घ्यावे. दुधाचा चमचा मटणाच्या पातेल्यात गेला तर रागावण्याचे कारण नाही, पण आजीला तो न सांगता धुऊन ठेवणे योग्य नव्हे. तो प्रश्न सोडवण्याच्या रीती त्यांच्याकडे आहेत. आपल्या हाताने आपली फसवणूक झाली नाही, हा विश्वास अंथरुणावरच्या माणसाला औषधाइतकाच लागतो.

औषधांच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि ते गाय-बैल किंवा डुकराच्या कातडीहाडांपासून होते. गंभीर आजारात त्याचा विचार करायचा नाही, असे शास्त्र स्पष्ट सांगते. साध्या आजारात, पर्याय असेल तर औषधविक्रेत्याकडे वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मागावी. हा प्रश्न आपल्याकडील शाकाहारी ज्येष्ठांनाही पडतोच. मात्र कॅप्सूल उघडून भुकटी पाण्यात टाकणे हा उपाय वैद्याला विचारल्यावाचून कधीही करू नये. काही औषधे पोटात हळूहळू विरघळण्यासाठीच तशी बांधलेली असतात.

वल्हांडणाचा आठवडा

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास पेसाख म्हणजे वल्हांडण येतो. त्या काळात गहू, जव यांसारख्या पाच धान्यांचे आंबलेले काहीही घरात ठेवायचे नाही. पाव, बिस्किटे बंद. त्याऐवजी मात्सा, म्हणजे पीठ भिजवल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून काढलेली बिनखमिराची पोळी. युरोपातील ज्यू या काळात तांदूळ आणि कडधान्येही टाळतात. बेने इस्रायल भात खातात.

मात्सा कोरडा आणि कडक. कवळी लावणाऱ्याला तो बोचतो, गिळण्यास त्रास असलेल्याला ठसका लागतो, आणि चार दिवसांत बद्धकोष्ठ होते. वृद्धांना आणि आजाऱ्यांना मात्सा पाण्यात भिजवून मऊ करून खाण्याची मुभा पूर्वापार आहे. मात्र त्याचा पार लगदा होऊ देऊ नये. सोबत भाज्या, फळे आणि पाणी वाढवावे. पहिल्या रात्रीच्या विधीत द्राक्षमद्याचे चार पेले सांगितले आहेत. ज्यांना मद्य चालत नाही त्यांनी द्राक्षरस घ्यावा. कोशेर मद्य मिळत नसे तेव्हा बेने इस्रायलांनी काळ्या मनुकांचे सरबत विधीसाठी वापरले आणि आजही अनेक घरांत तेच होते. मधुमेहींसाठी या सरबतातील साखर मद्याइतकीच विचारात घेण्याजोगी आहे. लहान पेला निवडावा आणि त्या रात्री रक्तशर्करा तपासावी.

शनिवारी दम लागला तर

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत, वाहन चालवणे, विजेची बटणे दाबणे, दूरध्वनी करणे हे कडक पाळणाऱ्यांना वर्ज्य. म्हणून श्रवणयंत्र आदल्या दिवशीच सुरू करून ठेवतात, दिव्यांना वेळ लावतात, आणि इस्रायलमधील अनेक इमारतींत शब्बाथला प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणारे उद्वाहन असते. छातीत दुखले, दम लागला, तोंड वाकडे झाले, तर मात्र हे सारे क्षणात बाजूला ठेवायचे. मायमोनिदीस हे कैरोतील थोर धर्मशास्त्री स्वतः वैद्य होते. त्यांचे निधन १२०४ साली झाले. त्यांनी लिहिले आहे की अशा वेळी ही कामे परधर्मीय शेजाऱ्यावर किंवा लहान मुलांवर ढकलू नयेत. समाजातील मोठ्या, जाणत्या माणसांनी ती स्वतः करावीत, म्हणजे शब्बाथ ही हलक्यात घेण्याजोगी गोष्ट आहे असा समज त्या शेजाऱ्यांचा किंवा मुलांचा होणार नाही. पाहणाऱ्याच्या मनात काय ठसेल याचाही विचार त्या वैद्याने केला होता.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांविषयी नेहमी विचारले जाते. ज्याची समज हरपली आहे त्याच्यावर आज्ञांचे बंधन राहत नाही, हे तत्त्व जुनेच आहे. आज उपास आहे हे त्याला दहा वेळा समजावू नये. भूक लागली की जेवण द्यावे. शक्यतो त्याच्या सवयीचेच अन्न, सवयीच्याच भांड्यात द्यावे. किती समज उरली आहे याबद्दल संभ्रम असेल तर वैद्य आणि रब्बी दोघांना विचारावे.

शेवटी सेवा करणाऱ्यांविषयी. योम किप्पूरनंतर पाच दिवसांनी सुक्कोत येतो. तेव्हा फांद्यापानांनी शाकारलेल्या मांडवात आठवडाभर जेवण्याची आज्ञा आहे. मिश्नाने त्यातूनही आजाऱ्याला मोकळे केले आहे, आणि त्याच वाक्यात त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. आजाऱ्याला गरज असेल तेव्हा त्यांनी मांडवात जाऊ नये, घरात त्याच्याजवळ बसून जेवावे. सिनेगॉगमधील सामुदायिक प्रार्थनेची वेळही, घरात पाहणारे दुसरे कोणी नसेल तर, खाटेपाशीच जाते. अशा सुनेला किंवा मुलाला कोणी ‘यंदा दिसला नाहीत’ असे विचारले, तर मिश्नातील ते वाक्य सांगावे. आणि योम किप्पूरच्या रात्री तारे दिसल्यावर उपास सोडताना आधी दोन घोट पाणी, मग आजाऱ्याच्या औषधांची डबी, मग आपले ताट, या क्रमाने सावकाश घ्यावे. दिवसभर रिकाम्या पोटाने माणूस उचलणाऱ्यालाही चक्कर येते.